गुळवेल, अडुळसा, हळद: घरच्या औषधाचं पाणी, आच आणि माप

पाऊस लागला की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज ठरलेले. एक डेंग्यूसाठी पपईच्या पानांचा रस आणि दुसरा गुळवेलीचा काढा, "सकाळी उपाशीपोटी एक ग्लास घ्या, कुठलाच ताप जवळ येणार नाही". कोरोनापर्यंत मी पण हे मेसेज पुढे पाठवायचे. मग २०२१ मध्ये माझ्या मामाला कावीळ झाली.

मामा काटोलकडचा. अंगणात कडूनिंब, त्यावर गुळवेल चढलेली. लॉकडाऊन लागल्यापासून रोज सकाळी वीतभर कांडी तोडायची, ठेचायची, पातेल्यात टाकून गॅसवर ठेवून द्यायची आणि आंघोळ-पूजा आटोपून आलं की गाळून प्यायची, असं आठ-नऊ महिने चाललं. मग लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली, जेवण जाईना, डोळे पिवळे दिसले म्हणून नागपूरला आणून ॲडमिट केलं. डॉक्टरांनी विचारलं, काका, कुठलं औषध चालू आहे? मामा म्हणाला, "काहीच नाही जी."

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी काढा हे औषध नव्हतंच, तो तर अंगणातला वेल. चौथ्या दिवशी मामी बोलता बोलता बोलून गेली तेव्हा डॉक्टरांच्या कानावर गेलं. हिपॅटायटिसच्या वगैरे तपासण्या आधीच नॉर्मल आल्या होत्या, काढा बंद केला आणि अडीच महिन्यांत रिपोर्ट जागेवर आले.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचत आले, वैद्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. माझा आपल्या झाडपाल्यावरचा विश्वास कमी झाला नाही, उलट वाढला, पण एक गोष्ट पक्की कळली की ज्यांनी ही औषधं शोधली त्यांनी झाडाच्या नावाबरोबर पाणी, आच, माप आणि दिवस हे सगळं सांगितलं होतं आणि आपण फक्त नाव लक्षात ठेवलं. तेच इथं सोपं करून सांगते.

झाडात नेमकं असतं काय

झाड काही आपल्या खोकल्यासाठी औषध बनवत नाही. त्याला पळता येत नाही, म्हणून किडे, बुरशी, गुरंढोरं यांच्यापासून वाचायला ते कडू, तिखट, उग्र वासाची रसायनं तयार करतं. यातलं जे आपल्या शरीरावर काम करतं त्याला सक्रिय घटक म्हणतात, पुढे मी नुसतं घटक म्हणेन. म्हणजे जे काम करतं तेच जास्त झालं की त्रास देतं, दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू.

अडुळसाच बघा ना. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून तर लोक तो कुंपणाला लावतात. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो, तो छातीतला चिकट कफ पातळ करतो. याच घटकाच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं, आणि आज खोकल्याच्या कित्येक सिरपांवर जे ॲम्ब्रॉक्सॉल लिहिलेलं असतं ते ब्रोमहेक्सिनचंच पुढचं रूप. म्हणजे आजी अडुळशाचा रस मधातून द्यायची तेव्हा अंधश्रद्धा करत नव्हती. पण हाच व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचन पावायला लावतो, म्हणून पोटुशी बाईला अडुळसा देत नाहीत. आणि तो मधातून द्यायचा असतो म्हणून हेही सांगून ठेवते, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातून विषबाधेचे जंतू जाऊ शकतात.

पाण्यात उतरतं ते वेगळं, तेलात उतरतं ते वेगळं

हे समजायला तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहा. रस्शाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वर लालभडक तेल तरंगत असतं आणि खाली पाणी त्या मानानं फिकं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, कितीही उकळा. झाडातल्या घटकांचं तसंच, काही पाण्याचे सोबती, काही तेलातुपाचे, आणि काही तर वाफेबरोबर उडूनच जातात.

हळदीतला कर्क्युमिन हा तेलाच्या बाजूचा. नुसत्या पाण्यात हळद टाकली की थोड्या वेळानं तळाशी बसते, सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आपल्याकडं दुधात, तेही सायीच्या, नाहीतर तुपात परतून द्यायची रीत. त्यात मिरी टाकायची रीत पण उगाच नाही. १९९८ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन साधारण २० पट वाढलं.

पण इथंच एक गफलत होते. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत जास्त, तिला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी एका चमच्यात म्हणजे ३ ग्रॅममध्ये साधारण ९० मिलिग्रॅमच निघतं. हळदीची दुकानातली कॅप्सूल बघा, ५००-५०० मिलिग्रॅमची, वर मिरीचा अर्क. भाजीतली हळद आयुष्यभर खाल्ली म्हणून ती कॅप्सूलही तितकीच निर्धास्त घ्यायची हे गणित चुकतं, कारण पोटात जाणारी वस्तूच वेगळी झाली. आणि मिरी नुसतं कर्क्युमिन वाढवत नाही, तुमच्या चालू असलेल्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण पण वाढवू शकते.

जाता जाता, हळदीनं जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, तेव्हा रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या आज्यांचं ज्ञान लिहून ठेवलेलं होतं म्हणून ते वाचलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

काढा म्हणजे नुसतं उकळणं नाही

चरकसंहितेत एकाच वनस्पतीचं औषध काढायच्या पाच रीती सांगितल्या आहेत. ताजी वनस्पती ठेचून पिळून काढला तो स्वरस, सगळ्यात कडक, म्हणून मात्रा सगळ्यात कमी. चटणीसारखी वाटली तो कल्क. उकळून आटवला तो काढा. रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलं ते हिम, आणि गरम पाणी ओतून झाकून ठेवलं तो फांट, आपल्या ग्रीन टीसारखा.

कुठल्या वनस्पतीला कुठली रीत हे ठरलेलं असतं. तुळस, गवती चहा, पुदिना यांचा गुण त्यांच्या वासाच्या तेलात. यांना पंधरा मिनिटं रटरट उकळलं तर सगळं घर छान दरवळतं पण औषध घरभर गेलं ना, कपात काय उरलं? त्यांचा फांट करायचा, झाकण ठेवून, आणि झाकणाला लागलेले थेंब परत कपात झटकायचे. उलट मुळं, साली, कांड्या, गुळवेलीसारख्या, यांना आच आणि वेळ लागतो. आणि आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत लघवीला जळजळ व्हायला लागली की धन्याचं हिम, दोन चमचे धने भरडून रात्री वाटीभर पाण्यात, मडक्याजवळ झाकून, सकाळी गाळून खडीसाखर टाकून. ते उकळायचं नसतं.

काढ्याचं माप असं. वाळलेली भरड घ्यायची, वस्त्रगाळ पूड नाही, कारण पूड गाळली जात नाही आणि सगळा गाळ पोटात जातो. मऊ पानाफुलांना चौपट पाणी, मध्यम असेल तर आठपट, कडक मुळासालीला सोळापट, आणि मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे १० ग्रॅम कडक भरडीला १६० मिलिलिटर पाणी आणि उरलं पाहिजे ४० मिलिलिटर. ग्लासभर नाही, अर्धी वाटीसुद्धा नाही! आटवताना झाकण उघडं, अॲल्युमिनियमचं भांडं नको, आणि केलेला काढा त्याच दिवशी संपवायचा.

माझी आजी रामटेकजवळची, ती हे माप कसं राखायची ते मी लहानपणी चुलीजवळ बसून पाहिलं आहे. आधी पातेल्यात एकच वाटी पाणी ओतायची. त्यात फड्याची, म्हणजे झाडूची, एक काडी उभी बुडवायची आणि पाणी जिथपर्यंत लागलं तिथं काडीला नखानं खाच पाडायची, खाच दिसत नसली तर वर पांढरा दोरा गुंडाळायची. मग उरलेल्या तीन वाट्या आणि भरड टाकायची. मधून मधून काडी बुडवून पाहायची, दोऱ्याच्या वर ओलं आहे की नाही. दोऱ्याला पाणी टेकलं की पातेलं खाली. मी म्हटलं आजी झालं ना आता, किती काळं दिसतं, तर म्हणायची, "काळं पाहू नको व बाई, दोरा पाहाय."

आणि बाळघुटी आठवा. सहाणेवर वेखंडाचा एक वेढा, हिरड्याचे दोन, जायफळाचा एकच आणि तोही हलका, कारण जायफळ जास्त झालं की बाळ सुस्त पडतं. वेढे मोजणं म्हणजे मात्राच ना ती. (आता डॉक्टर सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात आणि ते ऐकावं, मी इथं मोजण्याबद्दल बोलतेय.)

एका ओळीनं नोबेल कसं मिळालं

कृतीनं एवढा फरक पडतो का, असं वाटत असेल तर ही गोष्ट. चीनमध्ये मलेरियावर औषध शोधताना तू यूयू नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी छिंगहाओ ही वनस्पती तपासली, दवण्याच्या घराण्यातली. अर्क कधी काम करायचा, कधी करायचा नाही. मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या जुन्या पोथीत एक ओळ सापडली, मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. उकळा असं नव्हतंच तिथं. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की उष्णतेनं घटक मरत असेल. मग कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो मलेरियावर लागू पडला. तेच आर्टेमिसिनिन, ज्यानं लाखो जीव वाचवले आणि २०१५ मध्ये तू यूयूंना नोबेल मिळालं. आपल्या भाषेत सांगायचं तर काढा फसला होता आणि हिमानं काम केलं.

यात दुसरी पण बाजू आहे. पोथीनं वाट दाखवली, पण तिथून पुढे घटक वेगळा काढला, तपासला, मात्रा बसवली, तेव्हा ते जगाच्या कामी आलं.

बिबा: एकाच फळात औषध, विष आणि मेवा

आपल्या विदर्भातल्या जंगलाचं फळ. बिब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, सूज येते, "बिबा उतला" म्हणतात त्याला. पूर्वी धोबी याच तेलानं कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायचे. आणि त्याच बिब्याच्या आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात हौसेनं टाकतो. काजू याच कुळातला, त्याच्या टरफलाचं तेल पण असंच पोळतं.

आयुर्वेदात बिबा पोटात द्यायचं औषध आहे, पण आधी त्याचं शोधन करतात, म्हणजे दोष कमी करायची ठरलेली क्रिया, बिबे विटेच्या चुऱ्यात घोळतात, घासतात, चुरा तेल पिऊन घेतो, मग धुतात. सरकारच्या औषध नियमांमध्ये पण बिबा, कुचला, धोत्रा वगैरेंची वेगळी विषारी यादी आहे आणि त्यांच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या असं छापावं लागतं. त्यामुळे "झाडपाला आहे, अपाय होत नाही" हे वाक्य आयुर्वेदाचं नाहीच. आयुर्वेदाला विष चांगलं ओळखता येतं, म्हणून तर शोधन आलं.

मग गुळवेलीचं खरं काय?

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयानं लगेच हरकत घेतली की वनस्पती नीट ओळखली का, गुळवेलीसारखाच दिसणारा दुसरा वेल असतो, टिनोस्पोरा क्रिस्पा, तो असू शकतो. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांचा मिळून ४३ पेशंटचा अभ्यास आला, त्यात अनेकांमध्ये अशी लक्षणं दिसली जशी स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्यावर दिसतात. मंत्रालयानं तेव्हाही गुळवेल सुरक्षित आहे असंच म्हटलं.

कोट्यवधी लोक गुळवेल घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, हे खरं. ज्यांना होतं त्यांच्यात प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेली असण्याची शक्यता जास्त, कारण आपण गुळवेल घेतोच मुळी प्रतिकारशक्ती चेतवायला. आणि चुकीच्या वेलाचं म्हणाल तर मला तो बचाव वाटतच नाही, कारण अंगणातून तोडणाऱ्यालाच फरक कळत नाही. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळींसारखे भरपूर उंचवटे असतात. पण सुकवून तुकडे केले की भले भले फसतात.

मामाच्या बाबतीत अजून एक गोष्ट. त्याचं माप वीत. आता बोटाएवढी कांडी वीतभर आणि त्याच्या दुप्पट जाड कांडी वीतभर, हे दुप्पट नाही, वजनात चौपट होतं. पावसाळ्यात वेल फोफावला, मामाची वीत तेवढीच राहिली.

आणि यकृतच का? पूर्वी शहरात शिरायच्या आधी प्रत्येक ट्रक जकात नाक्यावर थांबायचा ना, तसं आतड्यातून रक्तात गेलेलं जवळपास सगळं आधी यकृतात थांबतं, तिथं तपासणी, मोडतोड, मग पुढे. रोज नवा माल आला की ताण आधी त्या नाक्यावर. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणे, यातलं काही दिसलं की काढा त्याच दिवशी बंद आणि रक्त तपासून घ्यायचं.

"हजारो वर्षांपासून चालत आलंय, वाईट असतं तर कळलं नसतं का?"

लगेच होणारं कळतं, खाल्लं आणि उलटी झाली हे पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतं. पण पाच वर्षांनी किडनी गेली तर ती आज घेतलेल्या मुळीमुळे गेली हे घरात बसून कोण जोडणार? १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती गेली आणि शंभरावर लोकांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या खराब झाल्या. १९९३ मध्ये डॉक्टरांनी हे उघड केलं. त्याच जातीची ईश्वरी किंवा सापसंद आपल्याकडं पण मिळते. माणसांनी ती शतकानुशतकं वापरली होती, आणि हा धोका कळायला डायलिसिसचे पेशंट एकत्र मोजावे लागले.

शिवाय हजारो वर्षांपासून मध्ये वैद्य उभा होता. नाडी बघून, पंधरा दिवसांनी परत बोलावून, औषध बदलणारा. आता मध्ये फॉरवर्ड मेसेज आहे.

"गोळ्यांचे पण साइड इफेक्ट असतातच की"

असतात, भरपूर असतात. पण पट्टीवर किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, म्हणून चूक शोधता येते. आणि दोन्ही एकत्र घेताना तर जास्तच सांभाळायचं. घसा बसला म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्याचं बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, तो बीपीची गोळी घेत असेल तर डॉक्टर डोस वाढवत बसतात आणि कारण खिशातल्या काडीत असतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नको. शुगरच्या गोळीवर कारल्याचा रस घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. काढ्यात वर्षभर रोज दालचिनी टाकणाऱ्यांनी बघावं, बाजारात स्वस्त मिळते ती बहुतेक कॅशियाची जाड साल, त्यात कुमारिन असतं आणि ते जास्त झालं की यकृतालाच लागतं. चवीपुरती चालते.

"आमच्या शेजाऱ्याच्या प्लेटलेट पपईनंच वाढल्या"

वाढल्या असतील. पपईच्या पानांवर काही छोटे अभ्यास झाले आहेत आणि थोडा फायदा दिसलाही आहे. पण डेंग्यूत प्लेटलेट चार-पाच दिवस उतरतात आणि मग बहुतेकांच्या आपोआप चढतात. रस साधारण त्याच वेळी सुरू होतो, कारण रिपोर्ट तेव्हा येतो आणि घरचे घाबरतात तेव्हाच. मला जास्त भीती वेगळीच वाटते, तो रस इतका कडू की पोरं उलट्या करतात, अंगातलं पाणी जातं आणि डेंग्यूत पाणीच तर टिकवायचं असतं. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं, यातलं काही दिसलं की नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर जवळचं जे असेल ते गाठायचं, रस पाजत बसायचं नाही. आणि तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन जातीची नाही.

मी घरी काय करते

सर्दी-खोकल्याला तुळस-गवती चहाचा फांट, दोन-चार दिवस. उन्हाळ्यात धन्याचं हिम. हळदीचं दूध पावसाळ्यात. नागपूरच्या इतवारी बाजारातून जडीबुटी आणली तर अख्खी आणते, घरी भरडते, कारण अख्खी वस्तू ओळखता येते, आणि बरणीवर तारीख लिहिते, शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात चूर्णाला दोनच महिने दिले आहेत. कुठलाही काढा आठवड्याच्या वर न्यायचा असेल तर वैद्यांना विचारून. गुळवेल मी स्वतःहून देत नाही, पोटुशी बाई, लहान लेकरू, थायरॉइड, संधिवात, यकृताचा त्रास असलेल्याला तर अजिबात नाही.

आणि दवाखान्यात जाताना वेलाचा, झाडाचा, पुडीचा जो काही तुकडा घेत असाल तो कागदात गुंडाळून सोबत न्या, पानासकट असेल तर फारच चांगलं, फोटोपेक्षा खरी काडी बरी. "औषध कुठलं चालू आहे" विचारलं की आधी तीच टेबलावर ठेवा. आम्ही मामाच्या वेलाची काडी नेली ती पाचव्या दिवशी, मामी बोलल्यानंतर मामेभाऊ रात्रीच मोटरसायकलनं काटोलला गेला आणि पहाटे घेऊन आला, निंबाचा पाला पण अडकलेला होता तिला.